रुपं की रुपेरी?

चांदीचा भाव चढला की गावोगावच्या सराफी पेढ्यांवर एक वेगळीच गर्दी दिसू लागते. नवं घ्यायला आलेल्यांची नव्हे, जुनं मोडायला आलेल्यांची! २०२५ साली चांदीने किलोमागे एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि नंतरही ती चढतच राहिली, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका, देवघराखालचे खण, आजेसासूबाईंचे पेटारे असं सगळं उघडलं गेलं. तबक, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानाचा डबा, बाळाचं बोंडलं, वाकलेले चमचे, कान तुटलेली चहाची किटली... सगळं एका पिशवीत भरायचं, काट्यावर ठेवायचं आणि समोरचा सांगेल तो आकडा ऐकायचा.

तिथे दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर सोनार म्हणतो, ‘वहिनी, ही चांदी नाही, नुसता मुलामा आहे. याचं काही येणार नाही.’ मग ती वस्तू घरी येऊन भंगारवाल्याच्या पोत्यात जाते. नाही तर ती खरी चांदी निघते आणि अर्ध्या तासात मुशीत वितळून जाते. दोन्ही वेळा एक प्रश्न कुणीच विचारत नाही. ही वस्तू आहे तरी काय, आली कुठून, आणि मुळात होती कुणाची?

हा प्रश्न बायकांनी विचारायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं. कारण घरातली जमीन, घर, दुकान यांचे कागद पुरुषांच्या नावाने असतात. पण भांडी बायकांबरोबर आलेली असतात. ती घासली बायकांनी, जपली बायकांनी, आणि पुष्कळदा त्यांच्यावर नावही बाईचंच असतं.

आधी मुलाम्याची गोष्ट. चांदीचा मुलामा म्हणजे फसवणूक, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. तो खरा नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावात १७४३च्या सुमारास थॉमस बोल्सोव्हर नावाच्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडायची युक्ती काढली. ‘शेफिल्ड प्लेट’ म्हणतात ती हीच. पुढे १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेच्या साहाय्याने चांदीचा थर चढवण्याचं पेटंट घेतलं. मग चांदीसारखी दिसणारी भांडी मध्यमवर्गीयांच्याही आवाक्यात आली. आत बहुधा जर्मन सिल्व्हर आणि वरून चांदीचा थर. त्या काळी हा माल उघडपणे, नाव सांगून विकला जायचा. यात लपवाछपवी काही नव्हती.

इंग्रजी अमलात हाच माल बोटींनी हिंदुस्थानात आला. क्लबांत, साहेबांच्या बंगल्यांत, संस्थानिकांच्या वाड्यांत, रेल्वेच्या उपाहारगृहांत. तिथून बक्षीस म्हणून, निरोपसमारंभाची भेट म्हणून, किंवा साहेब मायदेशी परतताना होणाऱ्या लिलावांतून तो मामलेदार, वकील, डॉक्टर, स्टेशनमास्तर यांच्या घरी पोचला. त्यामुळे एखाद्या तालुक्याच्या गावी, जुन्या घरात अगदी विलायती चहाचा संच सापडला तर त्यात नवल काही नाही.

आता ‘जर्मन’ या शब्दाचा घोळ. आपल्याकडे जर्मलचं पातेलं म्हणतात ते ॲल्युमिनियमचं. आणि हळदीकुंकवाला वाण म्हणून जर्मन सिल्व्हरचे करंडे, वाट्या वाटतात, ते वेगळंच. जर्मन सिल्व्हर हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्र धातू. नावात सिल्व्हर असलं तरी चांदी त्यात नावालाही नसते. तो पांढुरका दिसतो एवढंच. त्याच्यावर चांदीचा थर दिला की झालं मुलाम्याचं भांडं. याखेरीज कल्हईचं पितळ असतं. कल्हई म्हणजे कथलाचा थर, चांदीचा नव्हे. नवी कल्हई चकाकते, म्हणून एखादी सून जुन्या परातीला चांदीची समजली तर तिला हसू नका.

मग ओळखायचं कसं? पहिलं काम, वस्तू उलटी करून बघायची. बुडाशी, कडेला, चमच्याच्या दांडीच्या मागे बारीक छाप असतात. खिडकीच्या उजेडात भिंगातून पाहा, नाही तर मोबाइलने जवळून फोटो काढून मोठा करा. इंग्रजीतली ई, पी, एन, एस ही चार अक्षरं दिसली तर शंकाच उरत नाही. ‘विजेने चांदीचा थर दिलेलं निकेल सिल्व्हर’ एवढाच त्यांचा अर्थ. शेवटी एन, एस ऐवजी बी, एम असेल तर आतला धातू ब्रिटानिया मेटल, म्हणजे प्रामुख्याने कथील. ‘ए’ आणि एकचा आकडा असेल तर थर चांगला जाड दिला आहे, असं कारखानदाराचं सांगणं. एल्किंग्टन, वॉकर अँड हॉल, जेम्स डिक्सन, मॅपिन अँड वेब ही नावं मुलाम्याच्या मालासाठी प्रसिद्ध होती. पण यातल्या काहींनी खऱ्या चांदीचाही माल केला आहे, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका.

इथे एक गंमत आहे. मुलाम्याच्या मालावरचे छापही पुष्कळदा चार-पाच छोट्या चौकटींत ओळीने मारलेले असतात, अगदी विलायती हॉलमार्कसारखे. त्यामुळे माणूस फसतो. खऱ्या इंग्लिश स्टर्लिंग चांदीवर, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या मालावर, चालणारा सिंह असतो. एक पंजा उचललेला, बाजूने दिसणारा. त्याच्या जोडीला गावाची खूण असते. बर्मिंगहॅमसाठी नांगर, लंडनसाठी बिबट्याचं तोंड, शेफिल्डसाठी जुन्या मालावर मुकुट. शिवाय एक अक्षर असतं, त्यावरून वर्ष कळतं. सिंह नसेल आणि नुसती अक्षरंच असतील, तर बहुधा मुलामाच. वस्तूवर ‘इंग्लंड’ असं छापलेलं असेल तर ती साधारण १८९१ नंतरची समजायला हरकत नाही. पतंगाच्या आकाराच्या चौकटीत बारीक अक्षरं-आकडे असतील तर तो नमुना १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेला आहे.

आपल्याकडच्या जुन्या चांदीचं नेमकं उलट आहे. गावच्या सोनाराने घडवलेल्या तांब्या-फुलपात्रावर, निरांजनावर, पळी-पंचपात्रावर बहुधा कसलाच छाप नसतो. सोनारावरचा विश्वास हाच छाप! तेव्हा छाप नाही म्हणून चांदी नाही, असं कुणी म्हणालं तर मान हलवू नका. आपल्याकडे चांदीवर सरकारी हॉलमार्क आला तो २००५ साली, आणि तोही ऐच्छिक. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कमध्येही सहा अंक-अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक द्यायला सुरुवात झाली. आजीच्या वाटीवर यातलं काही असणार नाही, हे उघड आहे.

दुसरं काम, झिजलेल्या जागा बघायच्या. पेल्याची कड, किटलीचा कान, चमच्याचं टोक, बुडाचा घेर. मुलामा असेल तर या जागी आतला धातू डोकावतो. तांबूस लाली दिसली तर आत तांबं, पिवळट दिसलं तर पितळ, करडट पिवळसर दिसलं तर जर्मन सिल्व्हर. काळं पडण्यावरून मात्र काही ठरवू नका. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते, आणि मुलामाही चांदीचाच असल्याने तोही तसाच काळा पडतो. लोहचुंबकाची परीक्षाही अर्धीच. चुंबक चिकटला तर चांदी नाही हे नक्की, पण जर्मन सिल्व्हरला, पितळेला, तांब्यालाही तो चिकटत नाहीच.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होते आणि वस्तूला ओरखडाही जात नाही. डिजिटल वजनकाटा हवा. आधी पेला तसाच वजन करा. समजा, २५० ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणा. पेल्याला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडवा, पण हातात धरून ठेवा. तळाला-कडेला टेकू देऊ नका आणि आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने २५० ला भागा. आकडा २४ आला तर उत्तर १०.४. चांगली चांदी साडेदहाच्या आसपास येते. आकडा २९ आला तर उत्तर ८.६, म्हणजे जर्मन सिल्व्हर किंवा पितळ. तांबं नऊच्या जवळ येतं. मधलंच काही आलं तर भेसळ जास्त आहे असं समजून सोनाराकडे जा. आत लाख भरलेल्या मुठी, पोकळ दांड्या, लाकडी कान असलेल्या वस्तूंना मात्र ही परीक्षा चालत नाही.

घरात राणीछाप रुपये असतील तर तेही तोलून पाहा. व्हिक्टोरिया राणी, सातवे एडवर्ड, पंचम जॉर्ज यांचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि हजारात सुमारे ९१७ भाग चांदीचा. झिजून थोडा कमी भरेल, पण फार कमी नाही. १९४० ते १९४५ या काळातल्या रुपयात मात्र चांदी निम्मीच आहे.

सोनाराकडे गेलात तर समोर बसून कस लावून घ्या. नायट्रिक आम्ल घरी आणून स्वतः प्रयोग करू नका. हात भाजतात, वस्तूवर डाग पडतो. हल्ली मोठ्या पेढ्यांवर यंत्र असतं, वस्तू ठेवली की पडद्यावर टक्केवारी येते. यंत्र चांगलंच, पण ते वरचाच थर वाचतं. जाड मुलाम्याच्या भांड्याला ते बिनदिक्कत चांदी म्हणू शकतं. म्हणून झिजलेल्या जागी, बुडाच्या कडेला, दोन-तीन ठिकाणी तपासायला सांगा. आणि वजन स्वतः करून, लिहून घेऊनच पेढीची पायरी चढा.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे येते. मैत्रिणींनो, भांड्यावर घातलेलं नाव वाचा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत जुनी. कुणी कुणाला, कशानिमित्त दिलं, तिथी, शक, कधी वजनही. शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन निघतो. शके १८५० म्हणजे १९२८. पौषाच्या पुढची, माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर ७९ मिळवा. वजन तोळ्यांत असेल तर जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आजचा सराफी दहाचा नव्हे. पंचवीस तोळ्यांचा तांब्या २९२ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. अक्षरं पुसट झाली असतील तर वर थोडी टाल्कम पावडर चोळा, अक्षरं उठून दिसतात. किंवा पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा. लिपी मोडी असेल तर फोटो काढून मोडी जाणणाऱ्याला दाखवा. मोडीचे वर्ग आता पुष्कळ ठिकाणी चालतात, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी ही लिपी जागती ठेवली आहे.

वाचल्यावर काय सापडतं? पुष्कळदा एक अनोळखी बाईचं नाव. आपल्या घरांच्या वंशावळी आठवून बघा. त्यात नावं आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची. मुली नसतातच, आणि सुना असल्या तर कुणाची तरी पत्नी म्हणून. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे माहेरचं नाव तर विस्मरणातच गेलेलं. सातबाऱ्यावर ती नाही, घराच्या पाटीवर नाही. पण रुप्याच्या वाटीच्या बुडाशी तिच्या वडिलांनी तिचं माहेरचं नाव घालून दिलेलं असतं. ती होती, याचा घरात उरलेला तेवढाच एक पुरावा! तो आपण काट्यावर ठेवतो आणि त्याचे किती ग्रॅम होतात ते विचारतो.

यावर कुणी म्हणेल, भावनेने पोट भरत नाही. खरं आहे. दवाखान्याचं बिल भरायचं असेल, मुलीची फी भरायची असेल, तर चांदी मोडावी, खुशाल मोडावी. अडीअडचणीला उपयोगी पडावं म्हणूनच बायकांनी ती साठवली. माझं म्हणणं एवढंच, की मोडण्याआधी ओळखावी, आणि जिची आहे तिला विचारून मोडावी.

कारण हा नुसता भावनेचा नव्हे, हक्काचाही मामला आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६, याच्या कलम १४ नुसार स्त्रीकडे असलेली तिची मालमत्ता, त्यात स्त्रीधनही आलं, ही पूर्णपणे तिच्या मालकीची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं, की स्त्रीधन सासरच्यांकडे सांभाळायला दिलं म्हणून ते सासरचं होत नाही. ती बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिच्या वस्तूंवर मुलगे, मुली आणि नवरा यांचा सारखा हक्क असतो. प्रत्यक्षात काय होतं? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं जातं, चांदी मुलांत वाटली जाते आणि मुलीला म्हणतात, ‘आईची आठवण म्हणून हा करंडा घेऊन जा.’ करंडा मुलाम्याचा असतो. कधी ठरवून, कधी न कळून. आणि याच्या उलटही मी पाहिलं आहे. दोघी जावा एका चहाच्या संचावरून सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. संच तपासला तेव्हा बुडाशी ती चार अक्षरं निघाली. आधीच उलटा करून पाहिला असता तर सहा संक्रांतींचा तिळगूळ तरी वाया गेला नसता.

मग मुलाम्याच्या भांड्याचं करायचं काय? ते टाकाऊ नाही. मोडीला त्याचं काही येत नाही, पण शंभर वर्षांचा, चांगल्या नावाचा पूर्ण संच जुन्या वस्तूंच्या शौकिनांना हवा असतो. म्हणून भंगारात देण्याआधी छापांचे फोटो जाणकाराला दाखवा. घासताना राख, रांगोळी, चिंच, तारेची घासणी बंद. दर घासणीला थर पातळ होतो. मऊ फडकं आणि सौम्य साबण पुरे. आणि आतून मुलामा गेलेल्या वाटीत दही, लोणचं, पंचामृत ठेवू नका, कळकतं. शोभेला ठेवा, फुलं ठेवा. वापरायचंच असेल तर पुन्हा मुलामा देऊन घेता येतो, पण नाव आणि छाप घासले जाणार नाहीत हे आधी बजावून सांगा.

परदेशी राहणाऱ्या लेकीला, सुनेला जुनी वस्तू द्यायची असेल तर आणखी एक खबरदारी. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, मूर्ती, घडीव कामाच्या वस्तू सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळतं. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा ते आधी घेतलेलं बरं.

आणि शेवटी, एक वही करा. साधी, शंभर पानी. एका पानावर एक वस्तू. फोटो, वजन, छाप, घातलेलं नाव, कुणाकडून आली, कुणाला जावी असं तुम्हाला वाटतं. माहेरची-सासरची सगळ्यांत वयस्कर आत्या, मावशी, काकू हयात असेल तर तिला वस्तूंचे फोटो दाखवा. जे सरळ विचारून आठवत नाही ते वस्तू पाहून आठवतं. जुने लग्नातले फोटो काढा, त्यात मागच्या टेबलावर तुमचीच किटली दिसेल. वहीला कायद्याचं बळ हवं असेल तर मृत्युपत्र करा. आपल्या सहीचं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. त्यात ‘माझी चांदी’ असं मोघम न लिहिता वस्तूवार लिहा. आणि चांदी कुठली, मुलामा कुठला, तेही लिहा. मागच्यांची भांडणं तेवढ्याने निम्मी होतील.

पुढच्या वेळी देवघरातली भांडी घासायला काढाल तेव्हा एकेक उलटी करून पाहा. रुपं असो की रुपेरी, बुडाशी एखादं नाव सापडलं तर ते आधी वहीत उतरवून घ्या. वहीच्या पहिल्या पानावर तुमचंही नाव लिहा, माहेरच्या नावासकट.